कोकमाच्या बाटलीतली बोजोले

मी घर सोडलं तेव्हा निफाडजवळच्या आमच्या बागेत द्राक्षांची तोडणी चालू होती. विमानतळावर यायला माझ्या वडिलांना, अण्णांना, सवड नव्हती. गाडी निघताना त्यांनी खिडकीतून द्राक्षांची पेटी माझ्या मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "जाताना खा." आई म्हणाली, "तिकडे कुणी प्यायला दिलं तर नाही म्हण." मी दोघांनाही हो म्हटलं.

पेटी मी उघडलीच नाही. नव्या घरात पहिला घास आपल्या बागेतला हवा, असा माझा हट्ट. सॅन फ्रान्सिस्कोला कस्टम्सच्या बाईंनी, बाहेरची फळं आत नेता येत नाहीत म्हणत, ती शांतपणे काढून घेतली. फोनवर अण्णांना सांगितलं, "सगळ्यांनी खाल्ली, फार गोड होती." आणि फोन ठेवून पोटभर रडले.

याला चौदा वर्षं झाली. आता फ्रीमाँटच्या आमच्या टाउनहाउसमध्ये दर शनिवारी भरली वांगी असतात आणि सोबत बोजोले. आई दोन वर्षांपूर्वी गेली. तिला दिलेला शब्द मोडल्याचं सांगायचं राहूनच गेलं.

बोजोले म्हणजे फ्रान्समधल्या ल्यों शहराच्या उत्तरेची टेकड्यांची पट्टी. तिथल्या गामे नावाच्या काळ्या द्राक्षांची ही रेड वाइन. जड रेड वाइन तिखटावर घेतली की तोंड आणखी पोळतं आणि सुपारी चघळल्यासारखं तुरट होतं. बोजोले हलकी. अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवली की दाण्याच्या कुटाशी आणि गोड्या मसाल्याशी तिचं छान जमतं. हे ज्ञान मी पुष्कळ वांगी खाऊन मिळवलंय.

अण्णा मात्र या बाबतीत कडक. वाइनची द्राक्षं लावा म्हणून आलेल्या लोकांना त्यांनी चहा पाजून वाटेला लावलं होतं. गेल्या मे महिन्यात ते पहिल्यांदा आमच्याकडे यायचे होते, आणि आदल्या दिवशी उरलेली बोजोले ओतून द्यायला माझा हात होईना. मी ती कोकमाच्या रिकाम्या बाटलीत भरली. रंग हुबेहूब! स्वतःच्या हुशारीवर मी बेहद्द खूश होते.

तिसऱ्या दिवशी मीटिंग संपवून खाली आले, तर अण्णा टेबलाशी बसलेले. समोर ग्लास. त्यात पाणी, साखर, जिरेपूड, सगळं साग्रसंगीत.

"हे कोकम नाही. द्राक्ष आहे," ते म्हणाले.

माझा नवरा समीर मदतीला धावला, "अण्णा, अ‍ॅक्चुअली आम्ही ते कुकिंगमध्ये यूज करतो..."

"राहू दे रे," मी म्हटलं. कपाटातली न उघडलेली बाटली काढून अण्णांपुढे ठेवली. "आम्ही पितो, अण्णा. शनिवारी. एकेक ग्लास."

त्यांनी बाटली उचलून लेबल न्याहाळलं.

"जमीन कसली तिथे?"

"ग्रॅनाइटची. मुरमाड."

"वेलांना मांडव?"

"बऱ्याच बागांना नसतो. वेल बुटके, झुडपासारखे ठेवतात. छाटणी एकदाच, थंडीत."

"एकदाच? मजा आहे लेकाच्यांची. आपल्याला दोनदा करावी लागते."

एवढं ऐकलं आणि मला धीर आला. द्राक्षांच्या त्या पेटीचंही खरं सांगून टाकलं. अण्णा हसायलाच लागले.

"मला ठाऊक होतं. परदेशात द्राक्षं पाठवणाऱ्याला नियम कळत नाहीत होय? विमानात खायला दिली होती पोरी. भूक लागली असेल तुला."

नव्या घरासाठी नव्हतीच ती पेटी. वाटेसाठी होती. आणि मी तशीच उपाशी इथवर आले होते.

त्या शनिवारी अण्णा आमच्याबरोबर वांगी जेवले. आमच्या ग्लासात बोजोले, त्यांच्या ग्लासात खरं कोकम. इतकी वर्षं घर म्हटलं की मला निफाडच आठवायचं. त्या टेबलाशी बसल्यावर पहिल्यांदा वाटलं, आपण घरी आहोत.

परत जाताना विमानतळावर मी अण्णांच्या हातात चेरीचा डबा दिला. "जाताना खा," म्हटलं. त्यांनी तो तिथेच उघडला आणि पहिली चेरी माझ्या तोंडात घातली.