मागच्या रांगेतला हत्ती

मुगाच्या वड्या घालणं अर्ध्यावर होतं. निम्मी खाट भरली होती, पातेल्यात निम्मं वाटण उरलं होतं, तेवढ्यात भिंतीपलीकडून किसनरावांची हाक आली. "सूनबाई, हात मोकळा असंन तर जराशी येतं काय व?"

किसनराव आमचे शेजारी. नात्यानं कोणी नाहीत, पण मी लग्न होऊन संग्रामपुरात आले तेव्हापासून मला सूनबाईच म्हणतात. जिनिंगमध्ये कापसाच्या वजनकाट्यावर त्यांची नोकरी झाली. बायको मनकर्णाबाई गेल्या. मुलगा दीपक पुण्याला. तो फोन करतो, जेवलात का विचारतो आणि ठेवतो. ते सहसा हाक मारत नाहीत, म्हणून बरं नसेल असं वाटलं. मी वाटणावर ताट झाकलं आणि तशाच भरल्या हातानं गेले.

ते पडवीत बुद्धिबळाचा पट मांडून बसले होते. समोरची खुर्ची रिकामी.

"तुले काही करायचं नाही," ते म्हणाले. "फक्त समोर बस."

ती खुर्ची फकीर मोहम्मदभाईंची. ते किसनरावांचे लहानपणापासूनचे मित्र, दोघंही मूळ सोनाळ्याचे. फकीरभाईंचं तिथे गाद्या-रजयांचं दुकान आहे. बाजाराच्या दिवशी ते इकडे यायचे आणि बाजार आटोपला की या खुर्चीत बसायचे. दोघं इथल्या बुद्धिबळ मंडळात खेळतात. मंडळात हरलेला डाव इथे पुन्हा लावायचा, कुठे चुकलं ते शोधायचं, हा त्यांचा नेम. त्यातही एक रीत होती. जो हरला त्यानं आधी बोलायचं. त्यानं आपली चूक स्वतः दाखवेपर्यंत दुसऱ्यानं तोंड उघडायचं नाही. मनकर्णाबाई चहा ठेवताना म्हणायच्या, "लाकडाच्या घोड्याची केवढी काळजी, अन् इथं चहा थंडा होऊन राह्यला."

दिवाळीनंतर खामगावला मलकापूरच्या मंडळाशी सामना झाला. बाकीचं सगळं बरोबरीत येऊन किसनरावांच्या डावावर अडलं. समोरच्यानं हत्तीनं शह दिला. किसनरावांनी राजा उचलला आणि घोड्यासारखा अडीच घरं उडवून ठेवला. जुन्या घरगुती खेळात राजाला अशी एक उडी असते, डावात एकदाच. फकीरभाई वयानं थोडे मोठे. त्यांनीच लहानपणी दुकानातल्या कापसाच्या ढिगावर बसून ती शिकवली होती. सामन्यात ती चालत नाही हे किसनरावांना काय ठाऊक नव्हतं? पण हात जुना, तो आपला गेला. पंच म्हणाले, राजाला हात लागला, आता राजाच हलवा. राजा एक घर सरकला आणि पुढच्या चालीत मात झाली. बघणारे हसले.

ते हसणं जिरलं असतं. पण परतताना गाडीत, सगळ्या मंडळासमोर किसनराव म्हणाले, "ह्या फकीरनंच शिकवलं हे. लहानपणीच बिघडवलं मले."

तेव्हापासून फकीरभाई बाजाराला येतात आणि आमच्या गल्लीत न वळता परस्पर गाडी धरतात. किसनराव त्या दिवशी दोन कप मांडतात. दुसरा कपही गार झाल्यावर तेच पितात. मी भिंतीवरून पाहिलं आहे.

"समोर कोणी नसलं की मले डाव पुरा करता येत नाही," ते म्हणाले. "उडीपर्यंत येतो अन् थांबतो."

"मला तर घोडा कोणता, उंट कोणता, तेही कळत नाही काका."

"तेच बरं. फकीर असता तर आतापर्यंत नाक मुरडलं असतं."

मला काहीच येत नाही म्हणून त्यांना अगदी पहिल्या चालीपासून सांगावं लागलं. ही माझी, ही त्याची. मी मनात नाम घेत ऐकत होते. उडीपाशी आल्यावर, मंडळातले सगळे म्हणतात तसं, त्यांनी राजाला हात न लावता उंट आड घातला. समोरच्या हत्तीनं उंट मारला. मात. पुन्हा लावून पाहिलं. पुन्हा मात.

मग त्यांनी एकेक चाल उलटी फिरवली आणि आपल्या मागच्या रांगेतल्या हत्तीवर बोट ठेवलं.

"हा इथं राखणीले होता. म्या उठवला त्याले. काऊन? तर तिकडं एक प्यादं फुकट दिसलं."

"मग?"

"मग काय. घर उघडं टाकून शेंगा वेचाले गेलो. उडी तर मागून आली. नसती मारली तरी हारलोच होतो मी."

"म्हणजे फकीरभाईंचं त्यात..."

"काहीच नाही," ते म्हणाले, आणि चष्मा काढून उगाच पुसत बसले.

मग त्यांनी फोन लावला. कमी ऐकू येतं म्हणून आवाज मोठा ठेवतात, त्यामुळे मलाही सगळं ऐकू आलं. फकीरभाईंच्या पत्नी सुगराबी बोलत होत्या.

"किसनभाऊ, ते घरी नाहीत."

"कुठं गेला?"

"कुठंच नाही गेले. किसनचा फोन आला तर घरी नाही म्हण, असं सांगून ठेवलं त्यांनी. म्हणून तसं म्हणून राह्यली."

मागे कोणीतरी खोकलं.

"भाभी, त्याले सांगा, चूक सापडली."

तिकडे थोडी कुजबुज झाली. "ते पुसून राह्यले, कोणाची?"

जे चारचौघांत बोलून बसले होते, ते असं फोनवर सोडवणं किसनरावांना जमेना. "समोर बसून सांगतो," एवढंच म्हणाले.

"मग या ना. ते घरी नाहीत, पण या."

फोन ठेवून त्यांनी सोंगट्या डब्यात भरल्या, हत्ती निरखून पाहिला, तोही टाकला. मला म्हणाले, "जा व, तुहं काम खोळंबलं." घरात शिरताना मी मागे पाहिलं तर ते अजून त्याच खुर्चीत, समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे तोंड करून बसलेले.

संध्याकाळी दिवा लावताना देव्हाऱ्यातल्या महाराजांना मी एवढंच म्हटलं, उद्या त्या दुकानाचं दार उघडं असू दे. सकाळच्या गाडीनं किसनराव सोनाळ्याला जाणार आहेत, फकीर मोहम्मदभाईंना चूक सांगायला.