अंगणातल्या आडव्या पट्ट्या

अंगणात फरशी घालायचं ठरलं तेव्हा मी आधी रंग ठरवला. गुलाबी. खंडाळ्याला बहिणीच्या दारात गुलाबी पेव्हर ब्लॉक आहेत, आणि तिच्या दारात असलेलं माझ्या दारात नसलं की मला झोप लागत नाही. हा माझा जुना आजार. नवऱ्याचा नवा होता.

कंपवात. फौजेतून आल्यावर त्यांनी बरीच वर्षं ऊस केला, ट्रॅक्टर चालवला, मग एक हात थरथरायला लागला. हाताचं एवढं काही नव्हतं, कप अर्धाच भरला की भागायचं. पाय वाईट. चालता चालता जमिनीला चिकटायचे. अंग पुढं झुकलेलं आणि पाय तिथंच. आमच्या मुरमाच्या अंगणात दोनदा तोंडावर पडले. डॉक्टर म्हणाले, आता पडले आणि खुबा मोडला तर अंथरूणच धरतील. आणि ह्यांचा हट्ट एकच, सकाळी फाटकाबाहेरच्या कट्ट्यावर जाऊन बसायचं, तेही कुणाचा हात न धरता. बाकी सगळं त्यांनी न बोलता सोडून दिलं होतं.

फरशी बघायला सांगलीला गेलो.

"वैनी, ह्यो गुलाबी बघा. लय चालतोय," दुकानदार म्हणाला.

"आवं, बघा की जरा," मी ह्यांना हाक मारली.

"लग्नाचा मांडव घालतीस का दारात?" गाडीतून उतरता उतरता ह्यांनी विचारलं.

मी ब्लॉकवरून हात फिरवत बसले. मागं वळून बघते तर हे दुकानापुढच्या सपाट काँक्रीटवर थिजलेले. ह्या आजारात चेहराही हलत नाही, त्यामुळं माणूस घाबरलाय की कंटाळलाय, हे बायकोलाही कळत नाही. दुकानदार धरायला धावला.

"हात लावू नगं गड्या."

त्यांच्या पुढ्यात नमुने मांडलेले होते. काळा कडप्पा, करडी शहाबादी, परत कडप्पा, अशा आडव्या पट्ट्या. त्यांनी खाली बघितलं. पहिल्या काळ्या पट्टीवर पाय उचलून टाकला, मग पुढच्या, मग त्याच्या पुढच्या. शिडी चढावी तसे सरळ गेले. पट्ट्या संपल्या, काँक्रीट आलं, आणि पुन्हा थांबले.

"रेघ दिसली की पाय उचलतोय," ते म्हणाले. "का, ते मला इचारू नगं."

डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले, काहींना होतो असा उपयोग. चालेल तोवर चालवा.

दुकानदाराला मात्र पटेना. "काका, अशा पट्ट्या कोन घालत न्हाई. बरं न्हाई दिसत."

"बरं दिसायला ही हाय की घरात."

गवंड्यानं दारापासून फाटकापर्यंत बिनपॉलिशच्या पट्ट्या घातल्या. शेजारचा पोरगा कुंपणावरून ओरडला, "काकू, झेब्रा क्रॉसिंग केलंय व्हय? ट्रॅफिक लय वाढलंय का तुमच्यात?" बहीण येऊन बघून गेली आणि काहीच बोलली नाही. ते जास्त लागलं.

पण हे चालत होते. एकटे. मी तव्यावर भाकरी टाकून खिडकीतून, बघत नसल्यासारखी बघत राहायची. त्या पावसाळ्यात आम्ही दोघांनी करपलेल्या भाकरी खाल्ल्या.

दिवाळीनंतर एका सकाळी ते काळ्या पट्टीपाशी थांबले ते थांबलेच. मी बाहेर आले.

"रेघ दिसंना का?"

"दिसतीया. दिसतीया म्हणून तर राग येतोय."

मला दुसरं काही सुचलं नाही. मी माझं पाऊल त्यांच्या पायापुढं आडवं घातलं. ते ओलांडून त्यांनी पाय टाकला. मग मी पुन्हा घातलं. अशी मी जाडजूड बाई, त्यांच्याकडं तोंड करून, उलट्या पावली, पाऊल आडवं घालत फाटकापर्यंत गेले. रस्त्यावरून जाणाऱ्यांना आम्ही झिम्मा खेळतोय असं वाटलं असणार.

आता रोज तसंच चालतं. पोचेपर्यंत कट्ट्यावरची माणसं बहुतेक रानात गेलेली असतात. तरी त्यांना तिथं बसायचं असतं. बसले की मला म्हणतात, "जा तू आत." मी जाते.

एखाद्या दिवशी माझ्या पावलानंही त्यांचा पाय उचलत नाही. मग मी खुर्ची आणते आणि ते फाटकाच्या अलीकडंच बसतात. कट्ट्यावर कुणी उरलेलं असलं आणि त्यानं हाक मारलीच, तर सांगतात, "ऊन लय हाय आज. हितंच बरं वाटतंय."

डिसेंबरातल्या सकाळीसुद्धा.