पहिल्या बाकावरच्या बाई

विद्यापीठाच्या उन्हाळी सत्रात, राहिलेली क्रेडिट्स भरून काढायला आलेल्यांना मी संख्याशास्त्र शिकवत होतो. सोलापूरचा मे महिना, त्यामुळे पंख्याखालच्या जागेसाठी रोज भांडणं. अक्कलकोटहून येणाऱ्या एक बाई मात्र ओला नॅपकिन डोक्यावर टाकून पहिल्या बाकावर निवांत बसायच्या. मी "समजलं का?" विचारलं की पोरं नुसत्या माना डोलवायची. बाई मागं वळून सगळ्यांच्या तोंडाकडे बघायच्या आणि म्हणायच्या, "न्हाय की, सर." मी मनात चरफडत पुन्हा सांगायचो.

शेवटच्या तासाला त्यांनी मागं बघितलं आणि त्या हसून म्हणाल्या, "व्हय, समजलं की."

"चला, तुम्हाला एकदाचं समजलं!" मी म्हणालो.

नॅपकिनची घडी घालत त्या हळूच म्हणाल्या, "मला रोजच समजायचं, सर. पोरं इचारायला लाजतात की."