जोडीदाराची गाडी

ज्याच्या नजरेतून गुंजभर फरक सुटत नाही, अशा माणसाला लोक बारीकराव नाही म्हणणार तर काय म्हणणार? दुकानांतले वजनकाटे तपासणं हे त्याचं काम. काट्यावर वजन ठेवायचा, आकडा बघायचा, मग तेच वजन चारही कोपऱ्यांत सरकवून पुन्हा बघायचा, आणि सगळं मनासारखं झालं की तारेत शिसं दाबून सील लावायचा. तोवर दुकानदाराने पुढे केलेला चहा गार होऊन वर साय धरायचा. बायको म्हणायची, यांच्याबरोबर बाजारात जाणं म्हणजे परीक्षेला बसणं.

आणि हा माणूस जुनी गाडी घेऊन आला ती बॉनेटसुद्धा न उघडता.

यात त्याचा मूर्खपणा नव्हता. म्हणजे होता, पण तो त्याच्या धंद्याने त्याला शिकवला होता. बावीस वर्षं त्याच्याबरोबर या कामात एक जोडीदार होता. दोघांनी बाजार वाटून घेतले होते, अडीनडीला एकमेकांच्या बाजारातही जायचे. त्यांचा एकच नियम होता, तोही कुणी लिहून दिलेला नव्हता: एकाने सील लावलेला काटा दुसऱ्याने उघडायचा नाही. तक्रार आली तर ज्याचं सील त्यालाच बोलवायचं. उघडून बघणं म्हणजे तोंडावर लबाड म्हणणं. बावीस वर्षांत बारीकरावाने सगळ्या जगाचे काटे उघडले, जोडीदाराचा एकही नाही.

गेल्या वर्षी त्याचा गुडघा कामातून गेला. लोखंडी वजनांची पेटी घेऊन बसमध्ये चढणं म्हणजे रोजचं मरण. काम सोडावं लागतंय की काय, अशी वेळ आली तेव्हा जोडीदारच घरी आला. म्हणाला, मी नवी गाडी घेतोय, जुनी तू घे, परक्याला द्यायला माझा जीव होत नाही. बायकोने हळूच सुचवलं की एकदा गॅरेजवाल्याला दाखवा. बारीकराव तिच्यावर असा खेकसला की ती दोन दिवस बोलली नाही. त्याची गाडी मी उघडून बघू? स्वयंपाकघर नवं करायला तिने डब्यात साठवलेले पैसे गाडीत गेले, तेही ती बोलली नाही.

महिनाभर गाडी छान चालली, कारण त्याच्या फेऱ्या जवळच्या होत्या. पहिल्यांदा लांबच्या बाजाराला निघाला आणि अर्ध्या तासाने चढावर इंजिन नुसतं बोंबलायला लागलं. गाडी जागची हलेना. मागून ट्रकवाले हॉर्न देत होते. गाडी थंड झाल्यावर शहाण्यासारखी घरी आली. पुन्हा गेला, पुन्हा तेच.

गॅरेजवाला म्हणाला की गिअरबॉक्स संपलाय, गरम झाला की पकड सोडतो, आणि हे आजकालचं दुखणं नाही. "पण दिवा कसा लागला नाही?" असं म्हणत त्याने समोरचं झाकण काढलं. धोक्याच्या दिव्याची तार कापलेली होती आणि तिची टोकं बारीक तारेने बांधून ठेवली होती. तीन वेढे उजवीकडे, एक उलटा, आणि टोक आत दुमडलेलं, बोटाला टोचू नये म्हणून. बारीकराव बराच वेळ वाकून बघत राहिला. सीलाच्या तारेचं टोक तसं दुमडणारा माणूस त्याच्या ओळखीत एकच होता.

तसाच उठून जोडीदाराकडे गेला. जोडीदार दारात नव्या गाडीच्या काचा पुसत होता. तार आपणच कापली हे त्याने लगेच कबूल केलं. दिवा उगाच लागायचा म्हणे, कुणीतरी सांगितलं बल्बची भानगड आहे, म्हणून बंद करून टाकला. गिअरबॉक्सचं मात्र त्याला काही म्हणजे काही ठाऊक नव्हतं. "तुझ्या गळ्यात मी खराब गाडी मारीन का रे?" असं म्हणताना त्याचे डोळे भरून आले. बारीकरावाला इतकी लाज वाटली की उलट तोच जोडीदाराची समजूत काढून घरी आला.

बायको ऐकून घेत होती. तिने एवढंच विचारलं, की तो एवढा साधाभोळा आहे तर कापलेल्या तारेबद्दल बोलायला तुम्ही जाईपर्यंत का थांबला? बारीकराव म्हणाला, विसरला असेल. त्याला ते खरं मानायचंच होतं. पैसे बुडाल्याचं दुःख माणूस गिळतो. बावीस वर्षं बुडाली म्हटल्यावर काय गिळणार?

आता गाडीचं काय करायचं हा प्रश्न होता. नवा गिअरबॉक्स म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. बायकोचं म्हणणं होतं, जुनी देऊन दुसरी देतात त्या शोरूममध्ये सकाळी सकाळी, गाडी थंड असताना न्या. ते दहा मिनिटं फिरवतात, दिवा तर लागतच नाही. आणि शोरूमवाल्यांना फसवलं तर पाप लागत नाही, चोरावर मोर. बारीकराव गेला. तिथल्या बाईंनी गाडी दहा मिनिटं फिरवली, खूश झाल्या, चांगली किंमत सांगितली आणि कागद पुढे केला. कागदावर छापलेलं होतं: माझ्या माहितीप्रमाणे वाहनात कोणताही दोष नाही. खाली सहीची जागा होती. आयुष्यभर 'बरोबर आहे' या दोन शब्दांखाली सह्या करून पोट भरलेला माणूस, त्याचा हात पुढे जाईना. चष्मा विसरलो म्हणून सांगितलं, चष्मा नाकावर असताना, आणि परत आला.

घरी आल्यावर काय झालं ते सांगण्यात अर्थ नाही. बायको एरवी शांत होती, पण तिलाही मर्यादा होती. ती म्हणाली, तुमच्या खरेपणाची किंमत दर वेळी माझ्याच डब्यातून का जाते? दुसरी गाडी मिळाली नाही तर पुन्हा बस, आणि बस म्हणजे वर्षभरात काम बंद, हे दोघांनाही कळत होतं. मग त्याने ओळखीच्या दुकानांतून सांगून ठेवलं की गाडी विकायची आहे. दोषाचं काय, ते गिऱ्हाईक आल्यावर बघू, अशी त्याने मनाची समजूत घातली. मनही कधी नव्हे ते ऐकून गप्प बसलं.

तिसऱ्या दिवशी बेकरीवाल्या बाई आल्या. पाव पोचवायला त्यांना गाडी हवी होती. त्यांच्या काट्याला कित्येक वर्षं बारीकरावाचंच सील असायचं. गाडीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाल्या, की चालवून बघायची गरज नाही, किंमत बोला. बायको दाराच्या आत उभी होती. ती श्वास रोखून उभी आहे हे पाठमोऱ्या बारीकरावालासुद्धा कळत होतं.

त्याने तोंड उघडलं ते किंमत सांगायला. निघालं ते भलतंच. "बाई, हिचा गिअरबॉक्स गेलाय. अर्ध्या तासाने गाडी उभी राहते. घेऊ नका."

बाईंनी कपाळाला आठ्या घातल्या. "म्हणजे तो अजून तसाच आहे?"

"अजून म्हणजे?"

"अहो, तुमच्या जोडीदाराने ही गाडी आधी मलाच दाखवली होती. मी आमचा गॅरेजवाला बरोबर घेऊन येते म्हटल्यावर त्यांनीच सांगून टाकलं, गिअरबॉक्सचं लफडं आहे म्हणून. मी नको म्हटलं. नंतर ऐकलं की तुम्ही घेतलीत. मला वाटलं, तुम्ही घेतली म्हणजे दुरुस्त करूनच घेतली असणार, तुम्ही थोडेच फसणार आहात? म्हणून तर आले."

बाई आणखी काही तरी बोलल्या, चहा नको म्हणाल्या, आणि गेल्या. बारीकराव गाडीच्या टपावर हात ठेवून उभा होता.

बायको बाहेर आली. तिने सगळं ऐकलं होतं. केसाने गळा कापला मेल्याने, असं ती आठवडाभर म्हणत आली होती, पण आता म्हणाली नाही. तिने त्याचा हात टपावरून काढून आपल्या हातात घेतला. "उद्या शोरूममध्ये देऊन टाका. सगळं खरं सांगून द्या. येईल ते येईल."

"गाडीचं काही नाही गं," तो म्हणाला. "त्याला खरं बोलता येत होतं. बाईंना सांगितलं त्याने. बाई बघून घेणार होत्या ना, म्हणून त्यांना सांगितलं. मी बघणार नाही हे त्याला माहीत होतं."