डोहातल्या माशाची पाठवणी

मासा धरून सोडून देणारा जावई आमच्या सासरवाडीच्या सात पिढ्यांत झाला नव्हता. तो मान माझा. जळगावात, पिंप्राळ्यात, माझं हे वेड कुणाला खुपत नाही. फार तर शेजारी विचारतात, हा गच्चीवर उभा राहून काठी आणि दोरी का फिरवत असतो. पण सासरवाडी धुळे जिल्ह्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी, अगदी नदीकाठी. तिथे गळाला गांडूळ लावतात, मासा येतो आणि तासाभरात रश्श्यात असतो. मी मात्र कोंबड्याचं पीस दोऱ्यानं गळावर गुंडाळून खोटी माशी करतो, ती लांब दोरीनं पाण्यावर अलगद टेकवतो, मासा फसला की गळ सोडवतो आणि त्याला जाऊ देतो. गावानं माझं नाव ठेवलं माशीवाला जवाई. ‘हातचं सोडून पळत्याच्या पाठी’ ही म्हण माझ्यावरूनच निघाली असावी, असं माझा मेहुणा चारचौघांत सांगतो.

चेष्टेचं मला काही नाही. मला राग यायचा तो डोहाचा. उन्हाळ्यात नदी आटून बारीक धार उरते आणि गावाखालच्या खडकात एकच खोल डोह राहतो. लांबलांबचे महसीर मासे तिथे गोळा होतात, पाणी येण्याची वाट बघत. पूर आला की ते वरच्या नाल्यांत चढून अंडी घालणार. आणि नेमकं तेव्हाच, दाटीवाटीनं उभे असताना, लोक त्यांना उपसून काढायचे. दरवर्षी मासे कमी आणि लहान होत चालले होते, हे सगळ्यांना दिसत होतं. मी जाईन तिथे सांगत सुटलो, की अखाजीपासून, म्हणजे अक्षय्य तृतीयेपासून, पोळ्यापर्यंत डोहातला मोठा मासा गळाला लागला तर सोडायचा, असा गावानंच नेम करावा.

गेल्या अखाजीला बायकोला घेऊन गेलो, तेव्हा हा विषय नदीकाठच्या निंबाखाली निघाला. गावात शेवटचा शब्द माझ्या सासऱ्यांचा. त्यांना सगळे आबा म्हणतात. आबांना मासा फार प्रिय, आणि स्वतःचा हट्ट त्याहून प्रिय.

“जवाईबापू,” आबा म्हणाले, “नदीमायनी दिधेल चीज परत करतस का? आन सोडी तरी काय उपेग? पानीबाहेर काढेल मासा जगस नही.”

मी ऑक्सिजन, कल्ले वगैरे सुरू केलं. कुणी ऐकेना. तेव्हा पाण्यावरून घागर घेऊन चाललेल्या सासूबाई थांबल्या. अखाजीमुळे गावातल्या सगळ्या सासुरवाशिणी माहेरी आलेल्या, त्यांतल्या चारपाच त्यांच्यामागे होत्या. सासूबाई म्हणाल्या, “बाळंतपनले माहेर येल आंडेरले कोन कापस हो?”

आंडेर म्हणजे लेक. मी इतके महिने घसा कोरडा केला आणि या बाईनं एका वाक्यात गाव गप्प केलं! आबांनी लगेच पैज घातली. मी मासा धरायचा आणि सोडायचा. डोहाच्या कडेला वाहत्या पाण्यात दगडांचं कोंडाळं करून त्यात तो ठेवायचा. दिवस मावळेपर्यंत जगला तर नेम कायमचा.

“जगना तं नेम,” आबा म्हणाले, “मरना तं कालवन. आन मंग हाई गोष्ट परत काढानी नही.”

दुसऱ्या दिवशी ऊन तापायच्या आत मी पाण्यात उतरलो. गळाचा उलटा काटा पकडीनं चेपून टाकला होता, म्हणजे तो सहज निघतो. थोड्याच वेळात मासा लागला. चांगला कोपरापासून बोटांपर्यंत लांब, पिवळसर सोनेरी. मी तो काठाशी आणला, गळ सोडवला आणि वळून बघतो तर काठावर हळदीकुंकवाचं ताट घेऊन पाच सवाष्णी उभ्या! लेक माहेराहून निघते तर तिला कोरडी कशी पाठवायची? सासूबाईंच्याच वाक्यानं पेटलेल्या त्या बायकांनी माझ्या हातातून मासा अलगद घेतला, ताटात ठेवला, त्याला कुंकू लावलं, हळद लावली, अंगावर खण पांघरला, अक्षता टाकल्या. मी ओरडत होतो, “अहो, पाण्यात, पाण्यात!” पण ओटी अर्धवट टाकणं म्हणजे अपशकुन. पाचवीची पाळी येईपर्यंत मासा मेला.

इतक्या मायेनं मारलेला मासा जगात दुसरा नसेल. बायकांचे चेहरे पडले, एकीच्या तर डोळ्यांत पाणी आलं. आबा मात्र मिशीत हसले आणि त्यांनी मसाला वाटायला सांगितला. दुपारी पंगत बसली. जावयाचा मान म्हणून माशाचं डोकं माझ्या ताटात वाढलं. ताट सारलं असतं तर सासूबाईंना लागलं असतं, म्हणून मी ते खाल्लं. रस्सा झकास होता, त्याचा मला आणखीच संताप आला.

हात धुता धुता मी सगळ्यांसमोर सांगितलं, “हा मासा गळानं मेला नाही. ताटात मेला. उद्या परत.”

“पैज सरी गई,” मेहुणा म्हणाला.

“सरी नही गई,” सासूबाई आतून म्हणाल्या. “चूक आम्हनी व्हती. उद्या व्हऊ द्या.” आबांनी आतल्या दाराकडे पाहिलं, घरातला शेवटचा शब्द कुणाचा ते त्यांना आठवलं आणि ते मुकाट्यानं सुपारी कातरू लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी डोहावर अर्धं गाव होतं. मी माशी टाकली, टाकली, टाकली, काही नाही. खांदा भरून आला. काठावरून मेहुणा ओरडला, “मासाले भूक नही का आज?” आणि लोक हसत असतानाच पाणी फुटलं. दोरी अशी सुटली की बोटं भाजली. हा कालच्या माशाचा बापच होता. डोहाच्या तळाशी बुडी मारून दगडासारखा बसला, मग आडवा सुटला. मी कमरेइतक्या पाण्यात त्याच्यामागे. दोनदा पडलो, काठी सोडली नाही. कधी नव्हे ते लोक हसायचे थांबले आणि “सैल सोडा, सैल सोडा!” म्हणून मलाच शिकवू लागले. त्यात सर्वांत मोठा आवाज आबांचा होता, हे मी स्वतःच्या कानांनी ऐकलं.

अखेर तो दमला. मी त्याला पाण्याबाहेर काढलाच नाही. हात ओले ठेवून, पाण्यातच गळ सोडवून, कोंडाळ्यात सरकवला. बायका आल्या होत्याच, ताट घेऊन. पण सासूबाई पुढे उभ्या राहिल्या. “हात कोनी लावू नका तिले. ओटी नदीनी भरा.” आणि मग त्यांनी नारळ, गहू, खण, हळदकुंकू वरच्या धारेला सोडलं. गव्हाचे दाणे वाहत वाहत माशाच्या अंगावरून गेले आणि त्यानं शेपटी हलवली. मला रडू आलं, लपवलंही नाही.

दिवसभर ऊन लागू नये म्हणून आम्ही कोंडाळ्यावर निंबाचे डहाळे धरले. घटकाघटकाला कुणीतरी वाकून बघायचं. दुपारनंतर मासा एका कुशीवर कलला. मी धारेच्या बाजूचे दोन दगड हलवून पाणी जोरात येऊ दिलं आणि तो हळूहळू सरळ झाला. आबा हे सगळं लांबून बघत होते. विडी विझली तरी तोंडातच होती.

सूर्य डोंगराला टेकला, तसे आबा धोतर खोचून स्वतः पाण्यात उतरले. जिवंत आहे की नुसता तरंगतोय, याची खात्री त्यांना हातानं करायची होती. त्यांनी हात लावला मात्र, त्या माशानं असा फटकारा मारला की आबा पाण्यात मागच्या मागे बसले. टोपी वाहत गेली. आबा तसेच बसल्या बसल्या हसायला लागले, पोट धरून. मग गुडघ्यांवर येऊन त्यांनी दगड काढायला सुरुवात केली. मी मदतीला वाकलो, तर मला हातानं मागे सारलं. शेवटचा दगड त्यांनी बाजूला केला, तरी मासा जागचा हलेना.

आबा त्याच्याजवळ वाकले. सगळ्या गावाला ऐकू जाईल असं, पण त्यालाच, म्हणाले, “जाय माय. पोळापर्यंत तुले कोनी हात लावाव नही.”

आणि ती गेली.