गोमेसीच्या आतलं ब्लँकेट

माझी भावजय नासोलो मुळातच काटकुळी. लग्न होऊन मसाकाजवळच्या आमच्या गावी आली तेव्हा माझ्या आईनं तिला खालपासून वरपर्यंत बघितलं आणि म्हणाली, "पोरानं बायको आणलीय की केळीला लावायचा टेकू?" सगळ्या बायका हसल्या, नासोलोही हसली. ती केळीच्या बागेत दिवसभर राबायची, पुरुषाच्या बरोबरीनं जेवायची, पण खाल्लेलं अंगी म्हणून लागायचं नाही. त्या काळी ही नुसती थट्टेची गोष्ट होती.

मग सिलिमू आला, शहरातले डॉक्टर ज्याला एड्स म्हणायचे तो. हा आजार माणसाला आधी वाळवायचा आणि मग न्यायचा. गावात सारखं कुणाला ना कुणाला मातीत ठेवत होतो. परत यायचं, हात धुवायचे, चुलीवर केळी उकडायला ठेवायची. सुरुवातीला रडायचो, पुढे तेही आटलं. माझ्या दोन बहिणी गेल्या. धाकटीला पुरून आल्यावर दुसऱ्या दिवशी मी ओसरीवर शेंगा सोलत बसले होते. मला काही वाटत नव्हतं, आणि काही वाटत नाही याचंही काही वाटत नव्हतं.

त्या वर्षांत समोर माणूस आलं की लोक तोंड नंतर बघायचे, आधी मनगट आणि मान. बारीक दिसणाऱ्याचा पेला वेगळा ठेवायचे. अशात माझा भाऊ मोठ्या रस्त्यावर ट्रकखाली सापडून गेला. सगळ्या गावानं चेंदामेंदा झालेली सायकल बघितली होती. तरी विहिरीवर बायका बोलल्याच, "ट्रकनं गाठला म्हणून, नाहीतर सिलिमूनं गाठलाच असता. बायकोकडे बघा की." नासोलो तिथेच उभी होती. तिच्या कळशीला टेकलेली आपली कळशी एकीनं उचलून लांब नेऊन ठेवली.

नासोलोची पोरगी गोरेत्ती तेव्हा लहान होती. शाळेत तिच्याशेजारी कुणी बसेना. त्या आठवड्यात नासोलो माझ्याकडे आली आणि दारातूनच म्हणाली, "सेंगा, मला जाड कर."

सेंगा म्हणजे आत्या. पोरगी मला सेंगा म्हणायची म्हणून तिची आईही म्हणायची. आमच्यात मुलीला न्हातीधुती झाल्यावर शिकवणं, नटवणं, सासरी धाडणं सगळं सेंगाकडे. पण भावजयीला जाड करणं कुणी शिकवलं नव्हतं. मी हसले. ती हसली नाही.

आम्ही बायका घालतो ती गोमेसी पायघोळ, खांद्यांवर टोकं काढलेली, कमरेखाली रुंद पट्टा. आत एक जाड कापड गुंडाळतातच, त्याला किकोयी म्हणतात. त्याशिवाय गोमेसी अंगावर बसत नाही, आणि सपाट नितंबांच्या बाईला कोण बाई म्हणतं? तेव्हा एकावर आणखी एक किकोयी चढवली तर कुणाला कळणार? मी दुसरी चढवली. भागेना. मग भावाचं करड्या रंगाचं ब्लँकेट मधोमध फाडलं. हात झाकायला भर उन्हात स्वेटर. गालांना व्हॅसलीन चोपडलं की चेहरा भरल्यासारखा दिसायचा.

रविवारी चर्चमध्ये त्याच विहिरीवरच्या बायका म्हणाल्या, "नासोलो सावरली हं!" मला वाटलं, एकेकीच्या थोबाडीत द्यावी. नासोलो गुडघे टेकून, खाली बघून म्हणाली, "देवाची कृपा." तिच्या मानेवरून घामाच्या धारा चालल्या होत्या.

तेव्हापासून गोमेसी सुटली ती फक्त न्हाणीत आणि झोपताना, तीही दार लावून. लेकीसमोरसुद्धा नाही. "पोरं बोलून जातात," म्हणायची. आणि पोरीला ठोसून ठोसून जेवू घालायची. "खा. लोक बघतायत तुझ्याकडे." गोरेत्ती वयात आली तेव्हा रीतीप्रमाणे मी तिला घेऊन बसले. या वयाच्या मुली विचारतात, मी दिसते कशी? ही म्हणाली, "सेंगा, मी पुरेशी जाड आहे ना?"

मी म्हटलं, "आहेस." दुसरं काय सांगणार होते?

पुढे तिला म्पिगीकडचं स्थळ आलं. मुलगा शिक्षक, घर चांगलं. मध्यस्थानं मला बाजूला घेऊन सरळच सांगितलं, "मुलगी पसंत आहे. पण मुलाकडच्या बायका आईला बघून घेणार. नवरा कशानं गेला, हेही विचारत होते." म्हणजे नासोलो कशी दिसते त्यावर पोरीचं लग्न.

पाहुणे यायच्या दिवशी सकाळी मी घरातल्या होत्या तेवढ्या किकोयी तिच्याभोवती गुंडाळल्या, वरून ब्लँकेट आवळलं.

"श्वास येतोय का?"

"येतोय तेवढा पुरे. अजून आवळ."

मंडळी आली, टोपल्या उतरल्या, चटयांवर बायका बसल्या. मुलाची सेंगा पुढे आली. चांगली रुंद बाई, चमकदार जांभळी गोमेसी, चालताना सगळा मांडव डुलवणारी. तिनं नासोलोला मिठी मारली, एका खांद्याला, मग दुसऱ्या खांद्याला. आणि सोडलीच नाही. तिचे हात नासोलोच्या पाठीवरून कमरेपर्यंत खाली गेले आणि तिथेच थांबले. मी मागेच उभी होते. संपलं, असं मनात आलं.

ती बाई नासोलोच्या कानात हळूच म्हणाली, "उजवीकडची गाठ सुटतेय, बाई. मी तर आतून दोरीनंच बांधते."

मग मी तिच्या मनगटाकडे बघितलं. जांभळ्या बाहीतून बाहेर आलेला हात नुसतं हाड होता.

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. हसलं कुणीच नाही. मग ती आपल्या माणसांकडे वळून मोठ्यानं म्हणाली, "आई धडधाकट आहे! या घरची मुलगी नाही करायची तर कुणाची करायची?" बायकांनी किलकाऱ्या मारल्या. लग्न ठरलं. वर्षाच्या आत ती बाई गेल्याचं कळलं. मी "बरं" म्हटलं आणि भांडी घासत राहिले.

नंतर औषधं आली. लोक मरायचे थांबले, बारीक माणसाकडे वळून बघायचेही थांबले. नासोलोनं ब्लँकेट काही सोडलं नाही. मी म्हणायचे, "आता कशाला गं?" तर म्हणे, "गोरेत्ती येते ना."

गोरेत्ती यायची कंपालाहून, घट्ट जीन्स घालून. सकाळी नुसती पपई खायची. तिकडे पैसे भरून यंत्रावर पळायची. आईनं चढवलेलं सगळं मांस उतरवायला निघाली होती. एकदा म्हणाली, "आई, केवढी सुटलीयस! जरा चालत जा, रक्तदाब होईल."

"जाईन हं," नासोलो म्हणाली. ती गेल्यावर मला सांगितलं, "सुटलीयस म्हणाली मला." तिला बरं वाटलं की वाईट, तिच्या आवाजावरून मला कळलं नाही.

गेल्या वर्षी नासोलो दुपारी शेंगा सोलता सोलता गेली. गोरेत्ती आल्यावर आम्ही आंघोळ घालायला दार लावून घेतलं. मी गोमेसी सोडली. मग किकोयी, मग आणखी एक, मग ब्लँकेट. गोरेत्ती बघत होती.

"सेंगा," ती ओरडलीच, "किती दिवस आजारी होती ही? मला कुणी कळवलं का नाही?"

"आजारी नव्हती. तुझी आई अशीच होती. पहिल्यापासून."

तिनं आईच्या मनगटाभोवती अंगठा आणि बोट लावलं. मग तेच स्वतःच्या मनगटाला लावलं. इतकी उपाशी राहून तिनं मिळवलेलं मनगट ते हेच होतं.

बाहेर गाव जमलं होतं. आम्ही नासोलोला धुतलं, पुसलं. हाताला सवय होती, म्हणून मी ब्लँकेट उचलून तिच्या कमरेभोवती घ्यायला लागले. गोरेत्तीनं माझा हात धरला.

"नको, सेंगा. उकडत असेल तिला."

ब्लँकेट माझ्या हातात राहिलं. ते अजून ओलसर होतं, नासोलोच्या घामानं. ते मांडीवर घेऊन मी खाली बसले आणि इतक्या वर्षांनी मला रडू आलं, सगळ्यांचं एकदम.