खडू न लागलेली चार पानं

बाभुळगावात विहिरीच्या पाण्यावरून दोघं हमरीतुमरीवर आले, की तिसरा म्हणायचा, "भांडता कायले? दीनानाथले विचारा ना." सरकारी नोकरीत दीनानाथनं एकतीस वर्षं केलं काय, तर दर महिनाअखेरीस सायकलवर नऊ विहिरी पालथ्या घातल्या. टेपच्या टोकाला खडू फासायचा, टेप विहिरीत सोडायचा. खडू भिजला तिथवर पाणी. मग तसल्याच पांढऱ्या बोटांनी वहीत आकडा टिपायचा. बस्स, एवढंच. पण त्याचा आकडा म्हणजे पक्का, यात गावाला शंका नव्हती.

निवृत्तीनंतर सहा वर्षांनी मधुवंती नावाची पोरगी विद्यापीठातून आली. विहिरींचे जुने आकडे आता इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुले होणार होते. कोणीही बघावे, कोणीही वापरावे. मूळ वह्या दीनानाथच्या कपाटात होत्या. ती एकेक पान स्कॅन करू लागली.

"काका, पानापानावर तुमचा खडूचा अंगठा आहे हो!" ती हसली.

दीनानाथनं वही जवळ ओढली. चार पानांवर तो अंगठा नव्हता, हे त्याच्याशिवाय कोणाला ठाऊक?

त्या चार पानांच्या वर्षी त्याची बायको शीला कंबर मोडून चार महिने खाटेवर होती. तिला कुशीवर वळवायचं तरी यानंच. रजा मागावी, तर विहिरी दुसऱ्याच्या हाती जाणार. मग गड्यानं घरी बसून, आदल्या वर्षीचे आकडे बोटभर इकडे-तिकडे करून वही भरली. शीलालाही ठोकून दिलं, "मोजून आलो." गोळ्यांच्या गुंगीत तिला काय कळतंय!

आता गप्प बसला असता तर कोंबडंही आरवलं नसतं. पण उद्या कोणी याच आकड्यांवर भिस्त ठेवून विहीर खोदेल, त्याचं काय? अन् सांगावं, तर एकतीस वर्षांची अब्रू जगापुढे मातीत. मधुवंतीचा चहा निवून गेला तरी तो पानाची कड चाळवत बसला होता.

"पोरी, हे चार महिने खोटे आहेत," तो शेवटी म्हणाला. "मी विहिरीवर गेलोच नवतो."

मधुवंतीनं ती चार पानं पुन्हा उलटून पाहिली. मग म्हणाली, "काका, ती जागा रिकामी ठेवते. खाली टीप देते. नाव नाही टाकलं तरी चालेल."

"टाक नाव. बाकीच्या आकड्यांवर आहे, तर यावर काहून नाही?"

पंधरा दिवसांनी त्यानं शीलाच्या हातात मोबाईल दिला. चार रकाने कोरे होते. खाली ओळ होती: 'या महिन्यांत मोजणी झाली नाही. निरीक्षक दीनानाथ यांनी स्वतः कळवले.'

"तुह्याशी बी खोटं बोललो मी," तो खालमानेनं म्हणाला.

शीलानं चष्मा काढला. "मले तवाच समजलं होतं," ती म्हणाली. "तुम्ही मले वळवत होते ना, तवा तुमच्या हाताले खडू नसे."